लहान मुलांची भूल: रेसिडेंटच्या हातात पहिला महिना फक्त मास्क द्यावा का?

वाशिष्ठीकाठ | ९ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. आमच्याकडे भूलशास्त्राचे रेसिडेंट, म्हणजे एमडी शिकणारे डॉक्टर, डीआरपीवर (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) तीन महिन्यांसाठी येतात. तीन वर्षांच्या एमडीत तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरला जिल्ह्याच्या ठिकाणी काढायचे हे तीन महिने आता सक्तीचे आहेत. मुलं हुशार असतात. सिझेरियन इतकी केलेली असतात की स्पायनलला, म्हणजे पाठीत सुई टोचून कमरेखालचा भाग सुन्न करायला, त्यांचा हात सहसा चुकत नाही. पण टेबलावर आठ किलोचं मूल आलं की तोच हात अवघडतो, आणि अवघडलेला हात सर्वात आधी लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायचं दिव्याचं उपकरण, शोधतो. श्वासनळीत ट्यूब गेली की सुटलो, असं त्याला वाटतं.

म्हणून मी गेल्या वर्षापासून एक नियम केला आहे. पहिले चार आठवडे मुलांच्या केसमध्ये रेसिडेंटने ट्यूबला हात लावायचा नाही. मास्क धरायचा, त्याला जोडलेली जेआरची (जॅक्सन रीस) श्वास द्यायची पिशवी हातात घ्यायची आणि मुलाचा श्वास त्या पिशवीतून ओळखायला शिकायचं. यावर माझ्या दोन सहकाऱ्यांचं आणि जवळजवळ सगळ्या रेसिडेंटचं माझ्याशी पटत नाही. म्हणून इथे विचारतो.

कारण सांगतो. मोठ्या माणसाला विश्रांतीत दर किलोमागे मिनिटाला ३ ते ४ मिली ऑक्सिजन लागतो, तान्ह्या बाळाला ६ ते ८. म्हणजे खर्च दुप्पट, आणि श्वास सोडल्यावर फुफ्फुसात शिल्लक राहणारी गंगाजळी भुलेत आणखी आटते. मोठ्या माणसाचा श्वास थांबला तर आधी ऑक्सिजन भरून घेतलेला असल्यास काही मिनिटं हाताशी असतात. बाळाचं सॅच्युरेशन बघता बघता कोसळतं. पाठोपाठ ठोके मंदावतात, आणि रेसिडेंट ॲट्रोपिनकडे, म्हणजे ठोके वाढवणाऱ्या औषधाकडे, धावतो. तान्ह्या मुलाचे ठोके मंदावले तर पहिला संशय ऑक्सिजनवर घ्यायचा आणि आधी श्वास द्यायचा, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ असते. त्या क्षणी ती हाताला आठवायला लागते.

माझ्या स्वतःच्या रेसिडेन्सीतली गोष्ट आहे. रुग्णालयाचं नाव घेत नाही. चार वर्षांचा मुलगा, दिवस पावसाळ्याचे, सर्दी पूर्ण गेलेली नव्हती. मास्क लावून सेव्होफ्लुरेन, म्हणजे हुंगायचं भुलीचं औषध, सुरू केलं आणि व्हेन लावताना त्याला स्पाझम आला, म्हणजे स्वरयंत्र आवळून बंद झालं. छाती हलत होती, पण आत हवा जात नव्हती. पिशवी दगडासारखी झाली. मी लॅरिंगोस्कोप उचलला. मॅडमनी माझा हात बाजूला केला, दोन्ही हातांनी त्याचा जबडा पुढे ओढला, कानाच्या पाळीमागच्या खळग्यात बोटं रोवली आणि मला म्हणाल्या, "शंभर टक्के ऑक्सिजन कर, पिशवी दाबून धर, सोडू नकोस." काही सेकंदांत पिशवी मऊ झाली. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन सिरिंजमध्ये भरलेलं होतं, ते लागलं नाही. तो मुलगा दुपारी बिस्किट मागत होता. मी त्या रात्री जेवलो नाही. त्या पिशवीचं आधी कडक होणं आणि मग मऊ होणं अजून माझ्या तळहातात आहे. हेच मला पुढच्यांना द्यायचं आहे.

---

भरतीओहोटी | ९ जुलै, रात्री ११:४०

सर, मी सध्या डीआरपीवरच आहे, तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात. आदर ठेवून विरोध नोंदवते.

एक तर पावसाळ्यात मुलांच्या नियोजित केस मुळातच कमी. हर्निया, सुंता, न उतरलेली वृषणं, हे सगळं आईबाप मे महिन्याच्या सुट्टीत उरकतात, नाहीतर गणपती झाल्यावर. मला इथे येऊन पाच आठवडे झाले आणि दहा वर्षांखालची सहा मुलं मिळाली. त्यातली पहिली चार मी नुसता मास्क धरण्यात घालवली असती तर ट्यूबला दोनच उरली असती. दुसरं, परत गेल्यावर लॉगबुकात ट्यूब किती टाकल्या ते बघतात. किती मास्क नीट धरले, असा रकाना माझ्या लॉगबुकात नाही.

आणि मनातलं सांगते. ट्यूब टाकता न येण्याची भीती असली की मास्कवरही लक्ष लागत नाही. आधी एकदा ट्यूब जाऊ दे, मग मी शांतपणे मास्क शिकेन.

---

वाशिष्ठीकाठ | १० जुलै, सकाळी ६:३०

@भरतीओहोटी, तुमचं शेवटचं वाक्य मी रात्री दोनदा वाचलं. हा मुद्दा माझ्यापुढे आजवर कोणी इतका सरळ मांडला नव्हता. विचार करून लिहितो. आज ऑपरेशनची लिस्ट मोठी आहे.

---

दर्यावर्दी | १० जुलै, दुपारी ३:१५

मी मालवणचा, आता निवृत्त. ईथर आणि हॅलोथेनच्या काळात भूल दिली आहे. पल्स ऑक्सिमीटर तालुक्याला पोचलं त्याआधी आम्ही बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोपचं भोंगं चिकटपट्टीने लावायचो आणि त्याची नळी केस संपेपर्यंत एका कानात ठेवायचो. श्वास आणि ठोका दोन्ही सतत कानात. भूल खोल गेली की ठोक्याचा आवाज दबका व्हायचा, ते स्क्रीनवर दिसण्याआधी कळायचं. वाशिष्ठीकाठ, तुम्ही मास्क शिकवता त्याबरोबर हेही शिकवा. पावसाळ्यात दिवे गेले, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, तर कान बंद पडत नाही. स्वतः फुगणारी बॅगही डोक्याशी टांगलेली हवी, कारण जेआरला बाहेरून गॅस लागतो.

जेआरबद्दल नव्या मुलांना थोडं सांगतो. फिलिप एअर यांनी १९३७ साली इंग्लंडात बाळांसाठी टी-पीस, म्हणजे टी आकाराची जोडनळी, केला. त्यात झडप नव्हती, म्हणून बाळाला श्वास घेताना अडथळा नव्हता. १९५० साली लिव्हरपूलच्या गॉर्डन जॅक्सन रीस यांनी त्याला शेपटी उघडी असलेली पिशवी जोडली. झडप नाही म्हणूनच बाळाच्या छातीत जे होतं ते थेट हाताला कळतं. ही शेपटी करंगळी आणि अनामिकेत चिमटून किती सोडायची, ते पुस्तकातून येत नाही. मला ते यायला बरेच महिने लागले होते. म्हणून महिनाभर मास्क, या मताला माझा पाठिंबा.

---

मीनल_सिस्टर | १० जुलै, रात्री ९:०५

मी सिंधुदुर्गात ओटी सिस्टर आहे, बावीस वर्षं झाली. डॉक्टर मंडळी मास्क आणि ट्यूब यावर बोलतायत, मला त्याच्या आधीचं बोलायचं आहे.

मागे एक रेसिडेंट डॉक्टर आले होते, विदर्भातले. फार चांगला मुलगा. सकाळी सातला बाळाच्या आईला विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" ती म्हणाली, "नाय ओ डॉक्टर, सकाळधरना काय्येक खाऊक नाय. नुसती वायच पेज दिलंय." डॉक्टरांना 'खाऊक नाय' एवढंच कळलं, त्यांनी कागदावर उपाशी असं लिहिलं. आमच्याकडे पेज हे खाणं नाही, ते पिणं. पण पोटाच्या हिशेबात तो भात आहे, सहा तास हवेत. मी शेजारी उभी होते म्हणून कळलं. केस दुपारवर ढकलली.

तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला सांगते, हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न विचारायचाच नाही. "बाळ उठल्यापासून त्याच्या तोंडात काय काय गेलं, सगळं सांग," असं विचारायचं. आणि आजीलाही विचारायचं. पदराआडून बिस्किट देणारी तीच असते, आणि तिला वाटतं आपण मायेने दिलं.

दुसरं औषधांचं. ॲट्रोपिनची एक अँप्यूल म्हणजे ०.६ मिलीग्रॅम. ती ६ मिली करून भरली की एका मिलीत ०.१ येतं, आणि किलोला ०.०२ या हिशेबाने ५ किलोच्या बाळाला बरोबर १ मिली. लिस्टच्या आदल्या संध्याकाळी मी रेसिडेंटकडून हे तोंडी म्हणून घेते, प्रत्येक बाळाच्या वजनाने. वजन आमच्या काट्यावरचं, आईने सांगितलेलं नाही. लेबल लावल्याशिवाय सिरिंज ट्रेमध्ये ठेवू देत नाही. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट औषध जातं. मोठ्या माणसात चूक झाली तर कधी कधी सावरायला जागा असते, बाळात नसते.

---

आंबोलीची_आई | ११ जुलै, सकाळी ११:२०

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. आदल्या रात्री आठला शेवटचं पाजलं, कारण "रात्रीपासून काही देऊ नका" एवढंच सांगितलं होतं. नंबर आला सकाळी साडेअकराला. इतके तास तो माझ्या अंगावर तोंड घासत होता आणि मी त्याला पाजत नव्हते. रुग्णालयाबद्दल तक्रार नाही, मूल आज धडधाकट आहे. पण ते पंधरा तास मी विसरत नाही. हे गरजेचं होतं का?

आणि एक विचारते, भुलीने मेंदूवर परिणाम होतो असं मोबाईलवर खूप वाचलं. तो आता बोलायला थोडा उशीर करतोय.

---

वाशिष्ठीकाठ | ११ जुलै, रात्री १०:१०

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नव्हतं. घट्ट खाणं, पेज, वरचं दूध यासाठी सहा तास, आईच्या दुधासाठी चार तास, साध्या पाण्यासाठी दोन तास हा जुना, सगळीकडे शिकवला जाणारा हिशेब. युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये पाण्यासारख्या स्वच्छ द्रवासाठी एकच तास पुरे असं संयुक्तपणे सांगितलं. तुमचा नंबर साडेअकराला असेल तर सकाळी सात-साडेसातपर्यंत तुम्ही पाजू शकला असता. जास्त उपाशी ठेवल्याने बाळ जास्त सुरक्षित होत नाही. ते रडतं, सुकतं, शीर मिळत नाही, साखर उतरू शकते. 'रात्री बारापासून बंद' हे वाक्य लिहायला सोपं म्हणून टिकलंय. मी रेसिडेंटला लिस्टमधल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे घड्याळाची वेळ लिहायला लावतो. नंबर मागे गेला तर वॉर्डात जाऊन आईला नवी वेळ सांगायची, हेही त्याचंच काम. आणि सर्वात लहान बाळ लिस्टमध्ये पहिलं.

मेंदूबद्दल. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबद्दल होता. तुमच्या बाळासारख्या हर्नियाच्या मुलांवरच एक मोठा अभ्यास झाला, सात देशांत ७२२ बाळं. काहींना जागेपणी कमरेतून सुन्न करून, काहींना पूर्ण भूल देऊन ऑपरेशन केलं. २०१९ साली निकाल आला. पाच वर्षांचे झाल्यावर दोन्ही गटांची बुद्धिमत्ता सारखी होती. त्या बाळांची भूल साधारण तासाभराची होती. तेव्हा ते ऑपरेशन मनाला लावून घेऊ नका. पण बोलण्याला उशीर होतोय तर त्याची तपासणी स्वतंत्रपणे जरूर करा, आधी कानांची. ती थांबवू नका.

---

आंबोलीची_आई | ११ जुलै, रात्री १०:४५

डॉक्टर, धन्यवाद. कानांची तपासणी कोणी सुचवली नव्हती. सोमवारी जाते.

---

चाफाबकुळ | १२ जुलै, दुपारी २:३०

मी बालशल्यचिकित्सक. महिन्यातून दोन वेळा रायगडातल्या आणि रत्नागिरीतल्या लिस्टना जातो. थोडा कडू बोलतो, राग मानू नये.

वर्षाखालचं बाळ, त्यातून अपुऱ्या दिवसांचं, हे शिकण्यासाठी लहान रुग्णालयात टेबलावर घेऊच नये असं माझं मत आहे. परळचं वाडिया १९२९ पासून मुलांसाठीच उभं आहे. तिथे रेसिडेंट एका आठवड्यात जेवढी बाळं बघेल तेवढी तुमच्याकडे सहा महिन्यांत येणार नाहीत. तिथे शिकून मग इथे यावं. २०१७ साली आलेला युरोपचा ॲप्रिकॉट अभ्यास, ३३ देशांतल्या २६१ रुग्णालयांतली तीस हजारांवर मुलं, त्यातही हेच दिसलं. गंभीर प्रसंग शेकडा ५.२ मुलांत, मूल जितकं लहान तितका धोका जास्त, आणि टीममधल्या सर्वात ज्येष्ठ माणसाचा अनुभव जितका जास्त तितका धोका कमी. मास्कचा महिना की ट्यूबचा, हा प्रश्न मला त्यानंतरचा वाटतो.

---

वाशिष्ठीकाठ | १२ जुलै, रात्री ११:३०

@चाफाबकुळ, कडू नाही, खरं आहे, आणि अर्ध्याहून जास्त मी मानतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ, ज्याचं गर्भधारणेपासूनचं वय साठ आठवड्यांच्या आत आहे, त्याला भुलेनंतर श्वास थांबण्याचा धोका असतो. किमान बारा तास मॉनिटरवर ठेवायला रात्रीची जागी माणसं लागतात. ती माझ्याकडे नाहीत, म्हणून ते बाळ मी पाठवतो.

पण पाठवणं हेही शिकवावं लागतं. जुलैत रात्री दोनला अडकलेला हर्निया येतो. घाटात दरड आलेली असते, महामार्ग तुंबलेला असतो. किंवा दोन वर्षांचं पोर शेंगदाणा, नाहीतर काजूचा तुकडा श्वासनळीत घेऊन येतं. ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वासनळीत बघून तुकडा काढणं, माझ्याकडे होत नाही. पण मुंबई किंवा कोल्हापूर गाठेपर्यंत त्या पोराला आईच्या मांडीवर बसवून, ऑक्सिजन देत, न रडवता नेणं, आणि वाटेत बिघडलं तर मास्कवर सांभाळणं हे रुग्णवाहिकेत बसणाऱ्या डॉक्टरला यायलाच हवं. तिथे ट्यूब घाईने टाकली तर शेंगदाणा आणखी खाली जाऊ शकतो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हा प्रसंग रेसिडेंटच्या एकट्याच्या अंगावर येत नाही, पाठीशी चार माणसं असतात. इथे येतो. म्हणून शिकणं दोन्हीकडे हवं, आधी तिथे जमलं तर उत्तमच.

ॲप्रिकॉटमधला ज्येष्ठ माणूस मात्र मी मनावर घेतो. मुलाच्या केसमध्ये मी ओटीबाहेर जात नाही. फोन सिस्टरकडे असतो.

---

दर्यावर्दी | १३ जुलै, सकाळी ८:००

चाफाबकुळ यांना एक आठवण द्यावीशी वाटते. महाडात राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८०च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत नेला. त्या विंचवांनी डसलेली कितीतरी मुलंच होती. संख्या कमी असेल, पण प्रत्येक केस पूर्ण पाहिली आणि लिहिली तर तीही शिकवते. रेसिडेंटला एक वही द्या. मुलाचं वजन, किती वाजता काय दिलं, पिशवी हाताला कशी लागली, जागं होताना काय झालं. रोज संध्याकाळी ती वही वरिष्ठाने वाचायची.

---

भरतीओहोटी | २ ऑगस्ट, रात्री १२:१५

पुन्हा लिहितेय. आज माझ्या सरांनी मला अडीच वर्षांच्या मुलाची केस दिली, हर्निया, वजन ११ किलो. सर शेजारी उभे होते. मी हा धागा त्यांना दाखवला होता. त्यांनी ठरवलं की भूल लागल्यावर पहिली पाच मिनिटं मास्कवर काढायची, मग सगळं ठीक असेल तर ट्यूब, मग कॉडल, म्हणजे माकडहाडाजवळ द्यायचं सुन्न करणारं इंजेक्शन.

मास्क मी खूप घट्ट दाबत होते. बोटं हनुवटीच्या खालच्या मऊ भागात रुतली होती, जीभ वर ढकलली जात होती आणि मी मात्र मास्कलाच दोष देत होते. सरांनी माझी बोटं उचलून हाडावर ठेवली. खांद्याखाली टॉवेलची पातळ गुंडाळी सरकवली. पिशवी लगेच हलायला लागली. खरंच हलली, माझ्या हातात. पण तोवर पोटात हवा भरली होती, ती नळी घालून काढावी लागली, हे मला सुचलं नव्हतं. सिस्टरनी सांगितलं. ट्यूब पहिल्या प्रयत्नात गेली. शिवायच्या वेळी मुलाचं तापमान ३५.६ झालेलं दिसलं, कारण मी एसी बंद करायला विसरले होते.

वहीत हे सगळं लिहिलंय. ट्यूबची ओळ सर्वात छोटी झाली.

---

वाशिष्ठीकाठ | २ ऑगस्ट, सकाळी ६:१५

छान केलंत. पोटातली हवा डायाफ्रामला वर ढकलते, मग मास्कने श्वास देणं आणखी कठीण होतं, मग आपण आणखी जोर लावतो. हे एकदा अनुभवलं की पुढच्या वेळी नळी आधी हातात येते. गारव्याचं म्हणाल तर पावसाळ्यात ओटी दमट वाटते म्हणून आपल्यासाठी एसी वाढवतो आणि उघड्या पोराची ऊब जाते. मूल आत येण्याआधीच खोली गरम करायची, डोकं झाकायचं.

आता माझा नियम. महिना ही मोजपट्टी मी सोडतोय. तुम्ही म्हणालात तसं, सहा मुलं मिळणाऱ्या रेसिडेंटला कॅलेंडर लावणं चूक होतं. ट्यूबची भीती मास्कच्या आड येते हेही खरं. यापुढे असं करणार आहे: प्रत्येक मुलाला पहिली पाच मिनिटं मास्कवर, तुमच्या सरांसारखीच. पिशवी कडक झाली, गळती झाली, छाती कमी उचलली, हे रेसिडेंटने माझ्याआधी ओळखून तोंडाने बोलायचं. ते सलग तीन मुलांत जमलं की चौथ्या मुलाला ट्यूब त्याची. स्पाझमची रंगीत तालीम दर सोमवारी, बाहुलीवर, सिस्टर आणि वॉर्डबॉयसकट, घड्याळ लावून. पहिल्या तालमीत सक्सिनिलकोलीन कुठे ठेवलंय ते तिघांनी तीन ठिकाणी सांगितलं. आता ते फ्रिजच्या दारातल्या लाल डब्यात आहे आणि लिस्टच्या दिवशी ट्रेमध्ये.

सर्दीचंही एक ठरवलं आहे. ताप, घट्ट पिवळा शेंबूड, छातीत घरघर असेल तर नियोजित केस दोन ते चार आठवडे पुढे. नुसतं नाक गळतंय आणि मूल खेळतंय तर मी स्वतः तपासून ठरवेन. लांबच्या वाडीवरून पहाटेच्या एसटीने आलेल्या आईला परत पाठवायचं असेल तर ते रेसिडेंटने तिच्यासमोर बसून, कारण सांगून आणि पुढची तारीख हातात देऊन सांगायचं. खिडकीतून नाही.

---

मीनल_सिस्टर | २ ऑगस्ट, सकाळी ९:४०

पुढची तारीख देताना गणपतीचा आठवडा सोडून द्या. आमच्या लोकांना तेव्हाची तारीख दिली तर येणार नाहीत आणि सांगणारही नाहीत.

आणि डॉक्टर, लॉगबुकात मास्कचा रकाना नाही म्हणालात ना, आमच्या वहीत मी आखून दिलाय. आज तुमच्या जिल्ह्यातल्या सिस्टरना फोटो पाठवते. वजनाचा रकाना पहिला ठेवलाय.